बाहत्तरांतला एक

वळसंगच्या पुढं, चढ म्हणावा असा चढसुद्धा नाही,
तिथं व्हॅननं दोन आचके दिले
आणि उरलेल्या वेगावर घरंगळत
एका बाभळीखाली जाऊन बसली.
अर्धी सावली तिनं घेतली. उरलेली आमची.

दुपारचा एक. वैशाख.
मागं सहा डझन टॉवेल, अक्कलकोटच्या लॉजसाठी.
शेजारी मामंजी. त्यांना कळलंच नाही गाडी थांबल्याचं.
चाळीस वर्षं मागाच्या खडखडाटात कान घालवलेला माणूस
बोलतच राहिला, मोठ्यानं,
कुणा यमूलच्या लग्नातल्या पंगतीबद्दल.

या गाडीचं इंजिन सीटखाली असतं.
म्हणजे दुरुस्तीतलं पहिलं काम
सासऱ्यांना उठवणं.
मी खूण केली. ते उतरले, धोतर झटकलं,
किलोमीटरच्या दगडावर जाऊन बसले
अक्कलकोटचा आकडा झाकून.

मागच्या चाकाला धोंडा लावला.
वीस पावलं मागं, डांबरावर, बाभळीची फांदी.
ट्रकवाल्यांना ती भाषा कळते.
मग सीट उचलली:
धूर नाही, जळका वास नाही,
नुसतं भट्टीचं तोंड.

मौलाली मिस्त्री फोनवर जेवत होता, ऐकू येत होतं.
"चावी मार. फोन धर इंजिनापाशी.
हां. बास.
पेट्रोल वर येईना झालंय, ताई. उन्हानं पंपात वाफ धरलीया.
ओलं फडकं टाक पंपावर, अन् गप बस अर्धा तास.
हे गप बसायचंच कुणाला जमत नाही."

फडकं.
गाडीतलं फडकं मी धुवायला घरी नेलेलं,
दोरीवर वाळत असणार, दत्त नगरात.
आणि पाठीमागं बाहत्तर टॉवेल,
घडी न मोडलेले.
मोजून बांधलेला गठ्ठा वाटेत फोडायचा नाही
हा धंद्यातला नियम. मीच केलेला.

गाठ सोडली.

बाटली ओतली तर पाणी
अळूच्या पानावरून जावं तसं गेलं निघून, खाली, मातीत.
आमच्याकडं दोनच बाटल्या.
मामंजींनी येऊन टॉवेल माझ्या हातातून काढून घेतला.
"खळ आहे अजून याच्या अंगात," म्हणाले.
"नव्याला पाणी पिता येत नाही. शिकवावं लागतं."
आणि चूळभर पाणी घेऊन
चोळत राहिले, पिळत राहिले,
लहान पोराचं डोकं धुतात तसे,
मधेच काठ नखानं तपासत,
कुठल्या कारखान्याचा माल, त्यावर नाक मुरडत.

मग तो पंपावर पसरला. चर्र झालं.
दुसऱ्या बाटलीतलं थेंब थेंब सोडत मी बसून राहिले.
एक मोटरसायकलवाला थांबला, "धक्का मारू का?" म्हणाला,
नको म्हटल्यावर नाराज होऊन गेला.

अर्ध्या तासानं चावी. घरघर, आणि बंद.
पुन्हा. धरली.
मी सीट खाली टाकणार तोच मामंजींनी हात आडवा केला,
तळवा ठेवला इंजिनाच्या बाजूच्या पत्र्यावर,
डोळे मिटले.
"थांब. खोटं चालतंय."
मला तर सगळं ठीक ऐकू येत होतं.
तेवढ्यात आचका. मी घाबरून ॲक्सिलरेटर दाबला.
तळवा तिथंच.
"आता खरं," म्हणाले. "चल."

लॉजवर बिराजदारांनी दोनदा मोजले.
एकाहत्तर.
"एक कुठं गेला?"
"इंजिनाला दिला," म्हटलं.
त्यांनी पैसे कापले, चहा पाजला.

परतीच्या वाटेवर मामंजींनी वाक्य उचललं
नेमकं जिथं सोडलं होतं तिथून:
"...आणि भातात मीठच नाही!"

तो टॉवेल आता सीटखाली असतो,
काळा, मऊ, एका टोकाला थोडा जळलेला.
पाणी दाखवलं की पितो.