भांगाची वेळ

हलिमाबी होडेकर, वय एक्क्याऐंशी,
बाकड्यावर ताठ बसल्यात,
हजच्या पासपोर्टला फोटो काढताना बसल्या होत्या तशा.
मी मोबाईल कळशीला टेकवते.
रेंज फक्त तिथेच; कळशी हलली की डॉक्टर गेला.

पूर्वी आधी होडी, मग एसटी, मग उलटी,
आणि रत्नागिरीत तोच रक्तदाब.
आता वीस रुपयांत पुण्याचा डॉक्टर पडवीत.

छातीवर वाटीएवढी चकती.
तो ऐकतो. भुवया आवळतो.
"ताई, पंखा बंद करा."
पंखा नाही, सर.
"मग पंप? काहीतरी घरघरतंय."

हलिमाबी ओढणी सारखी करतात.
"दर्या हाय तो, बाबा. उधाणाचा.
त्याचं बटण नाय आमच्याकडे."

पुण्यात कुणीतरी हसतं.
बरं, पुन्हा कधी ऐकू?
त्या बोटांच्या पेरांवर मोजतात.
"अष्टमीला लाव. भांग असतो, पाणी गप.
दुपारी नको, मस्कतहून मुलाचा फोन येतो."

मी तारीख शोधून फॉर्म भरते.
तपासणी का थांबली, या रकान्यात
लिहिते: भरती.

संध्याकाळी तालुक्याहून फोन.
"पेशंट भरती? कुठल्या दवाखान्यात?"