अर्धा अंश

नारायणगावात समुद्र नाही.
मीना नदी आहे, तीही उन्हाळ्यात दगड मोजत बसते.
पण आमच्या शीतगृहाच्या दाराला रबराची झालर आहे,
तिच्यावर कान टेकला की
पलीकडून गाज येते. कॉम्प्रेसरची.
कुंदा डोके म्हणते, आला बघ तुझा समुद्र.

मी रात्रपाळीला. स्वेटरवर स्वेटर, ऐन फाल्गुनात.
बाहेर पोरं होळीच्या गोवऱ्या रचतायत
आणि मी एका काळ्या जम्बो मण्यात
थर्मामीटरची सुई खुपसून उभी.
गर किती गार झालाय ते सालीला विचारून कळत नाही.
साल लवकर हो म्हणते.

छपरावर गेल्या वर्षी सौर पॅनेल चढली.
दिवसभर ऊन खातात आणि खालच्या टाकीत बर्फ धरतात,
रात्री तोच बर्फ झिजत झिजत खोल्या गार ठेवतो.
लहू भोर, आमचा मेकॅनिक, याला म्हणतो
उन्हाचं लोणचं.
डिझेलचा जनरेटर कोपऱ्यात ताडपत्रीखाली.
तिथं मांजर व्यालीय.

मंगळवारी कंटेनर भरला. वीस पॅलेट.
बशीर मुजावरनं सील ओढून पाहिलं आणि निघाला:
चाकण, तळेगाव, खंडाळ्याचा उतार, न्हावा-शेवा.
माझ्या फोनवर अर्धा अंश. अर्धा. अर्धा.
शेगडीवरच्या दुधाकडे बघावं तशी मी बघत होते.

तीन वाजून दहा मिनिटं.
एक पूर्णांक आठ.

"प्लग मोकळा नाही ताई,
अकरा गाड्या माझ्यापुढं,
आणि जेनसेट खोकतोय."
प्लगवर कोण लागलंय?
"कोळंबीवाला. उणे अठरा."
मग त्याला सांग,
गोठलेलं तासभर थांबतं,
नुसतं गार झालेलं थांबत नाही.
बशीर गप्प.
मग दार आपटल्याचा आवाज,
मग कुठल्या तरी भाषेत दोघांचं बोलणं,
मल्याळी असावं, अर्धं हिंदी,
आणि एक हसू.

तीन छत्तीस. एक पूर्णांक सहा.
चार वाजता एक.
मी लहूला उठवलं नाही.
पाच वाजता पुन्हा अर्धा,
आणि तो कोळंबीवाला
कोण, कुठला,
बशीरनं नाव विचारलं नव्हतं.
"चहा पाजला ना मी," म्हणाला.

सकाळी दार ढकलून बाहेर आले
तर चष्म्यावर धुकं, काहीच दिसेना.
पिल्लांचं चिंवचिंव तेवढं ऐकू आलं.
हातात तो मणी तसाच राहिलेला.
सुईचं भोक पडलेला मणी पेटीत जात नाही,
हिशेबातही नाही.
तोंडात टाकला.
आत अजून
गार होता.