पहिल्या घासाबरोबर

कचेरीतून येताना मी अण्णांसाठी काही आणत नाही,
शेव-उसळ तर नाहीच.
आज पिशवीत एकशे बारा पानं आहेत:
त्यांच्याच गोळीच्या जनुकांचं पेटंट.
सोमवारपर्यंत वाचून कळवायचंय,
आपण मकरपुऱ्यात टाकी लावली
तर कोण कोर्टात ओढेल.

अण्णा रावपुऱ्यातल्या छापखान्यात
एकतीस वर्षं खिळे जुळवायचे,
मराठी, गुजराती, इंग्रजी, सगळं उलटं वाचत.
आधी छापखाना ऑफसेट झाला,
मग डोळ्यांत साखर उतरली.
भिंग तेवढं राहिलं.

मी टेबलावर पानं पसरली तसे पुढे वाकले.
"हा कुठला मजकूर गं? चारच अक्षरं?"
ए, टी, जी, सी.
दहा-दहाचे गट, ओळीला साठ,
अशी सत्तर पानं,
ना काना ना मात्रा, ना कुठे श्वास घ्यायला स्वल्पविराम.
"चार खणांत भागेल. पण जी आणि सी
दुप्पट ओतून घ्यावे लागतील, बघ.
त्यांचीच गर्दी आहे."
खरं होतं.
या कुळातल्या जंतूंचं असंच असतं.
मला ते कळायला दोन वर्षं लागली होती.

"लिहिलं कुणी?"
मातीतल्या एका जंतूनं.
"आणि पहिल्या पानावर नाव?"
कंपनीचं.
भिंग त्यांनी धोतराच्या सोग्याला पुसलं.
"म्हणजे खिळे जुळवले की पुस्तक आपलं.
एकतीस वर्षांत मला हे सुचलं नाही."

मी कंपनीची बाजू घेतली.
सांगितलं, की ही पंचवीस जनुकं ओळीनं कुठे बसलीत
हे शोधायला माणसांची वर्षं गेली,
कुठलं कशाआधी, कुठलं मोडलं की गोळी बनत नाही.
त्याचं मोल कुणीतरी द्यायला हवं की नको?
ते "हं" म्हणाले.
मग दावा क्रमांक नऊ वाचून दाखवला:
ऐंशी टक्के साम्य असलेला कोणताही अनुक्रम.
"ऐंशी? मग आमचा दादा माझ्याच नावावर लागेल.
नाकापासून कर्जापर्यंत."

एक गोष्ट मी बोलले नाही.
ही गोळी साखरेचं सोंग घेते.
पिष्ट कापणारी कात्री तिच्यावर मिटते
आणि मिटलेलीच राहते.
जंतू ती का बनवतो, नक्की कुणाला माहीत नाही.
एक अंदाज असा,
की शेजाऱ्यांच्या भाकरीला त्यानं घातलेलं हे कुलूप आहे.
किल्ली त्याच्याच पोटात,
पेटंटात तिलाही क्रमांक आहे.
वीस वर्षांची मुदत मात्र त्याला कुणी घातली नाही.

विश्वामित्रीच्या काठाला मगरी ऊन खात पडतात,
त्या चिखलात, त्यांच्या पोटाखाली,
कितीतरी छापून तयार असेल.
जयमीनभाई दर हिवाळ्यात तिथून बाटल्या भरून आणतात.
सध्या तरी नुसता वास येतो.

कुकर उतरला.
अण्णांनी ताटाबाहेर चार शितं ठेवली, चित्राहुती,
ज्याची त्याला.
मग गोळी, पहिल्या घासाबरोबर,
डॉक्टरनं सांगितलंय तशी.
भात न फुटता खाली उतरेल
आणि तिथल्या जंतूंची पंगत बसेल;
रात्री त्यांच्या पोटात कुणीतरी ढोल बडवेल
आणि ते अंधारात म्हणतील, "ऐकलंस? बडोद्याची वरात."

जेवण झाल्यावर पुन्हा भिंग घेऊन बसले.
पान एकसष्ट, चौथी ओळ, प्रत काढताना पुसट झालेलं अक्षर.
"हा सी आहे की जी?"
मला सांगता येईना.
कानामागची पेन्सिल काढून त्यांनी समासात
जुन्या सवयीचं प्रश्नचिन्ह काढलं,
मी खोडरबर शोधला,
मग ठेवून दिला.