तुमचं पाणी कुठपर्यंत?

पहिल्या दिवशी सगळ्यांनी घोषणाच लिहिल्या.
झाडे लावा. मुलगी वाचवा. पाणी हेच जीवन.
पांढऱ्या टी-शर्टांवर, फॅब्रिक पेंटने, वर चमकी लावून.
मी म्हटलं, हे रिक्षाच्या मागेही असतं
आणि रिक्षा निघून जाते.
कपड्याच्या आत माणूस असतो.
त्याला घाम येतो, खाज सुटते,
बटण तुटलं की तो हाताने धरून ठेवतो.
तिथून सुरू करा.

वर्ग गप्प.
दांडिया बाजारातली मराठी शाळा, नववीत अकरा मुलं,
पंखा एक.

झंखना वाघेला कधी बोलत नाही.
तिने दप्तरातून धाकट्या भावाचा सदरा काढला.
खिशाच्या शिवणीपाशी
मातकट पट्टा, आडवा.
"चार वेळा धुतला. नथी जतुं, बाई."
त्या रात्री त्याला टेबलावर उभं केलं होतं,
तरी इथपर्यंत.

मीच शिकवली होती ती म्हण, पाण्यावरची रेघ.
अर्थ: जे टिकत नाही ते.
दोन मार्कांना.

मग चमकीच्या डब्या कपाटात गेल्या.
मांजरपाट हिरड्याच्या पाण्यात बुडवलं,
मुलांनी घरून गंजके खिळे आणले, कुणी तुटलं बिजागर,
गुळाच्या पाण्यात बरणीत पंधरा दिवस.
निंबाळकरकाका नाक धरून म्हणाले,
बाई, शाळेत दारू गाळताय का?
हिरड्यावर ते लोखंडाचं पाणी टेकलं की
आधी राखाडी, आणि बघता बघता
शाई.

टेप ओवेस मन्सूरीच्या अब्बांचा, शिंप्याचा,
पहिले दोन इंच झिजलेले.
ज्याच्या घरात जितकं, त्याच्या अंगावर तितकं.
तन्मयच्या गुडघ्यावर.
ओवेसच्या कमरेला, आणि तेच पाणी
त्याच्या बहिणीच्या गळ्याशी.
ऊर्वी म्हणाली, आमच्याकडे माझ्या डोक्यावरून.
मग रेघ काढायची कुठे?
बराच वेळ कुणाला सुचेना.
शेवटी तिने ओढणी डोक्यावरून घेतली
आणि म्हणाली, सगळीच रंगवा.

"बाई, तुमचं पाणी कुठपर्यंत?"

ब्रश माझ्या हातात होता.
अलकापुरी, तिसरा मजला.
खाली स्कूटर बुडाली, तेवढंच.
काळ्या घोड्याच्या पुलापाशी किती फूट झालं
हे मी पलंगावर आडवी होऊन मोबाईलवर वाचत होते.
मगरीचा फोटो पुढे पाठवला होता, बाराजणांना.
घोट्यापर्यंत, म्हटलं असतं
तर चाललं असतं. कोण मोजायला येणार होतं?

"आलं नाही," मी म्हटलं.
"मग तुमची साडी कोरी," झंखना म्हणाली.
रागाने नाही. वहीत मापं लिहितात तसं लिहिलं:
बाई, शून्य.

शनिवारी सूरसागरच्या कडेने निघालो.
ना फलक, ना ढोल. आम्ही फक्त चाललो,
अकरा मुलं, अकरा रेघा, एकही एका पातळीत नाही.
लोकांना आधी वाटलं शाळेचा नवा गणवेश.
एकाने विचारलं, केवढ्याला पडतो?

सेवउसळच्या गाडीवाल्याने झारा खाली ठेवला.
ओवेसच्या समोर येऊन उभा राहिला, काही बोलला नाही.
मग स्वतःच्या बनियनवर
छातीच्या जरा खाली
तळहात आडवा धरला.
ओवेसने मान हलवली.
तेवढ्यात उसळ करपली.

मी सगळ्यांच्या मागे होते.
भाजीची पिशवी घेतलेल्या एका बाईने मला थांबवलं.
"बेन, तमारी साडी पर तो कंई लख्युं नथी?"
मी पदर पसरून दाखवला.
तिने तो हातात घेतला,
नीट पाहिला,
मग उलटा करून
मागच्या बाजूनेही.