प्रत

धनू डोक्यावर आली की
आम्ही त्या खिडकीतून आत बघतो.
खिडकी म्हणजे काय, तिथे धूळ जरा विरळ आहे,
बाकी सगळीकडे आकाशगंगेचा धुरोळा.
पलीकडे फुगवटा: म्हातारे, तांबूस तारे,
एकमेकांना खेटून, दहा अब्ज वर्षं.

चाळीस मिनिटांचं एक्स्पोजर.
सेव्हेरो कोल्के घुमटाचं दार उघडून देतो
आणि स्टुलावर बसतो, शेजारी सिलिंडर.
तीस वर्षं तांब्याच्या खाणीत काढली त्याने.
आता नाकात दोन नळ्या, रात्रपाळी तीच.
डॉक्टर म्हणतात, खाली समुद्राकडे जा.
तो म्हणतो, तिथे धुकं असतं.

पडद्यावर वर्णपट उतरतो.
मी काळ्या रेषांवर बोट ठेवते:
हे लोखंड. हे मॅग्नेशियम.
"प्रत काय?" तो विचारतो,
खाणीतून गाडा वर आल्यावर विचारावं तसं.
सूर्याहून चांगली. जवळजवळ दुप्पट.
"एवढ्या जुन्या मालात?"
हो, तिथे सगळं घाईत झालं.
आधीचे तारे भराभर जळून गेले,
त्यांच्या राखेतून हे.
"म्हणजे पहिल्या पाळीतलं कुणी उरलं नाही."
मी नोंदवहीत फक्त वेळ लिहिते.

आमच्यात हेलियमच्या पुढचं सगळंच धातू,
हे त्याला जूनमध्ये कधीतरी सांगितलं.
"ऑक्सिजनसुद्धा?"
ऑक्सिजनसुद्धा.
इतका हसला की खोकल्याने वाकला,
सिलिंडरवर थाप मारून म्हणाला,
"दोक्तोरा, मी अजून खाणीतच आहे की!"

कालामाच्या दवाखान्यातली एक्स-रे फिल्म
एकदा त्याने पडद्याच्या उजेडावर धरली.
दोन्ही फुप्फुसं भुरकट.
उजवीकडे, खालच्या बरगडीशी,
नाण्याएवढी काळी, स्वच्छ जागा.
"ही माझी खिडकी."
मला काही बोलता आलं नाही.
बोट मात्र सवयीने तिथे गेलं.

पहाटे दुसरी सर्पिल दीर्घिका, फार लांबची.
तिच्या फुगवट्यात एकही तारा सुटा दिसत नाही,
कोट्यवधींचा मिळून उजेडाचा एकच डाग.
त्यातून मी वयं काढते, कोण कधी जन्मलं ते.
सेव्हेरो म्हणतो, आमची नोल्फा
दारात उभी राहून खाणीत उतरणारे दिवे बघायची.
लांबून नुसता पिवळा पट्टा.
पण छातीठोकपणे सांगायची,
तिसऱ्या वळणावरचा तो माझा.
"बरोबर असायचं?"
"कधीकधी मी त्या पाळीला नसायचोच."

मग नळी स्टुलाच्या पायातून सोडवत
तो घुमट बंद करायला उठला.