आधी खारट, मग कडवट

रोस्केली, तुझं अक्षर लावायला मला तीन आठवडे लागले.
तुझा सात एकासारखा, तुझा एक म्हणजे नुसता ओरखडा,
आणि १८६१च्या अख्ख्या नोव्हेंबरवर
कुणीतरी मेणबत्ती सांडून ठेवलीय.

स्कॅनरच्या काचेवर तुझा नकाशा मावत नाही.
चार तुकड्यांत घेते, पडद्यावर जोडते.
जोड दिसतो. दिसू दे.

तुझी उत्तर आता उत्तर राहिली नाही.
होकायंत्राची सुई एवढ्या वर्षांत तेवीस अंश सरकली,
म्हणून सगळी खाण मी माउसच्या टोकावर उचलते,
विहिरी, बोगदे, पंपघर, शिड्या,
आणि हळूच फिरवते.
तेव्हा कुठे ती रेडरूथच्या बसथांब्याखाली,
मिसेस कारव्होसोंच्या कोबीखाली
गपगार बसते.

फॅदमचे मीटर होतात.
बाकीच्याचं काय करायचं ते तक्त्यात नाही.
*७९ फॅदम. टॉबी ट्रेथेवी, वय तेरा, शिडीवरून. चुलत्याला कळवले.*
रकाना म्हणतो : कृपया संख्या भरा.
मी १४४ भरलं.
एक ठिपका उमटला. त्या थराला नाव दिलं 'इतर'.

आणि मग ती ओळ.
*१८० फॅदम, पूर्वेची भिंत. गरम पाणी फुटले. दोघांचे पाय भाजले.
चव आधी खारट, मग कडवट. कथील नाही. निरुपयोगी.*
निरुपयोगीखाली दोन रेघा,
दुसरी इतकी रागाने की कागद फाटलाय.

जेगो, आमचा भूवैज्ञानिक,
पाचदा वाचून उभाच राहिला.
ट्रुरोला फोन लावला, चहा तसाच गार झाला.
कथलाचं त्यांना काही नव्हतंच.
तुमच्या तोंडचं पाणी पळवणारं ते पाणी हवं होतं,
त्यात लिथियम असतं, म्हणे,
गाड्यांच्या बॅटऱ्यांसाठी.

मार्चमध्ये यंत्र आलं. कोबी हलवला. मिसेस कारव्होसोंनी
नुकसानभरपाईचा कागद दोनदा वाचून मगच सही केली.
ड्रिल टॉबीच्या ठिपक्यापासून बारा मीटरवरून खाली गेलं.
ड्रिलवाल्यांच्या पडद्यावर तो थर नसतो.
मी मोजलं.

पहिली बाटली प्रयोगशाळेत जाण्याआधी
रात्रभर माझ्या टेबलावर होती.
ताकीद होती, झाकण उघडू नये.
सगळे गेल्यावर उघडलं, करंगळी बुडवली.
खारट.
जरा थांबले.
मग कडवट.
क्रम बरोबर लिहिला होतास.

आज पुढची पेटी काढली, १८६२ची.
फेब्रुवारीपासून हात वेगळा आहे.
तू कुठे गेलास, कुणी लिहिलेलं नाही.
नव्या माणसाचे सात सरळ, सुबक,
यंत्रालासुद्धा वाचता येतील असे.
कामाचा वेग दुप्पट झालाय.
मला ते सात आवडत नाहीत.