अंगावर काढलेलं

विनिपेगमध्ये रात्री गाडीला वायर लावतात,
इंजिन गोठू नये म्हणून.
सतरा हिवाळे मी ती न चुकता लावते आहे.

पहाटे तीनला पेटून उठते ती मात्र मी.
पोटातून वर, गळ्यावरून कानशिलांपर्यंत
तापल्या तव्यासारखी एक लाट.
बाहेर उणे सत्तावीस.
मागचं दार उघडून अनवाणी डेकवर उभी राहते
आणि अंगातून वाफ निघते,
घाईत कुकरची शिट्टी उचलल्यावर निघते तशी.

त्या रात्री कुंपणापलीकडे दिलमाया.
भूतानमधून नेपाळच्या छावणीत, छावणीतून इथे.
तीही अनवाणी, स्वेटरची बटणं उघडी.
चोरी करताना सापडल्यासारखं
आम्ही एकमेकींकडे पाहिलं.
तिने हातानेच वारा घेतला.
मी हसले. दारं लागली.

क्लिनिकमध्ये मारिसेल विचारते, कधीपासून?
डावा खांदा. वृद्धाश्रमाच्या लॉन्ड्रीत
दुसऱ्यांच्या आईबापांच्या चादरी झटकते मी,
आणि घरी ब्राचा हुक पुढे लावून मागे फिरवते.
फोनवरची दुभाषी हिंदीवाली, फार आदबीची.
मी म्हणते, अंगावर काढलं.
"मतलब?"

मतलब,
आधी दोघांना अंगावर पाजलं,
मग ओव्हरटाइम अंगावर घेतला,
सासूबाईंची दोन वर्षं, घराचा हप्ता,
उरलं ते अंगावर काढलं.
रांगोळी काढतात, दिवस काढतात, कर्ज काढतात,
तसंच हे.
दुभाषी इंग्रजीत तीन शब्द बोलते.
मारिसेल त्यातले दोन टाइप करते.

एक ते दहात किती दुखतं?
दहा म्हणजे धाकटीचा जन्म,
बर्फाचं वादळ, नवरा पुलापलीकडे अडकलेला.
नऊ म्हणजे आई गेल्याचा फोन
आणि न मिळालेलं तिकीट.
आठ राखून ठेवावं, पुढे लागेल.
म्हणून चार सांगते.

चारला एक गोळी मिळते आणि एक पत्रक.
त्यात ॲव्होकाडो, सालमन,
सायकलवर हसणारी पांढऱ्या केसांची बाई.
माझी साखर आठ पॉइंट एक.
भाकरीचं चित्र कुठेच नाही,
तेव्हा खावी की सोडावी, कुणाला विचारू?

शनिवारी दिलमाया दारात. "हिंड्ने?"
तिचं हिंड्ने आणि माझं हिंडणं एकच निघालं.
मॉल सातला उघडतो, दुकानं दहाला.
बंद शटरांसमोरून आमच्या फेऱ्या,
काचेमागे पुतळ्यांनी घातलेले उन्हाळी कपडे.
सुखवंत येते, दोन्ही गुडघ्यांना पट्टे.
शेफाली आपा सिल्हटच्या शाळेत गणित शिकवायच्या,
त्या फेऱ्या मोजतात
आणि दमल्या की एक जास्त मोजतात.

पाळी कधी गेली, झोप कधी गेली,
नवऱ्याला सांगितलं का,
एवढं मोडक्या हिंदीतही चालतं.
सुखवंत म्हणाली, मला वाटलं मलाच भूत लागलंय,
मी तर दारावर लिंबूसुद्धा टांगलं.
चालणं थांबवून हसलो.
सुरक्षारक्षक पोरगा बघायला आला.

आणि बोलता बोलता कळलं,
त्या आकड्याचं.
सुखवंत चार सांगते. दिलमाया चार.
आपा कधी कधी तीन.

मार्चमध्ये मारिसेलने पुन्हा विचारलं.
दुभाषीचा फोन अजून लागत होता,
तीच ती बासरीची धून.
मी थांबले नाही.
सेवन, म्हटलं.
बोटं कीबोर्डवर अडली तिची.
मग तिने खुर्ची
माझ्याकडे वळवली.